पत्ता बदलू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं संकेतस्थळ लवकरच नव्या रूपात येणार असल्याची चौकट गेल्या रविवारच्या अंकात वाचली. वाचकांनी सूचना कळवाव्यात असं त्यात म्हटलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की वाचकाला ज्या पानावर जायचंय तिथे त्याला सुखानं पोचू द्या, आणि पुन्हा कधी तो त्याच पत्त्यावर आला तर ते पान तिथे असू द्या. पण एवढंच लिहून पाठवलं तर ते कुणाच्या मनावर ठसणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचा एक गाळा आहे. पूर्वी तिथे यजमानांचा एसटीडी बूथ होता. २००० सालच्या दिवाळी पाडव्याला आम्ही त्याच गाळ्यात दोन संगणक मांडले, बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली, आणि तो कॅफे मी २०१७ पर्यंत चालवला. गावात अजूनही मला 'कॅफेवाल्या वहिनी' म्हणूनच ओळखतात. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं, पण ते मोठ्या शहरांपुरतं. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ मध्ये. आमच्यापर्यंत ते आलं तेव्हा हाताशी एक फोनलाइन आणि ५६ किलोबिटचा मॉडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणारी डबी, होता, आणि त्या एकाच लाइनवर दोन्ही संगणक चालायचे. ५६ किलोबिट म्हणजे सेकंदाला फार तर सात हजार इंग्रजी अक्षरं, तीही नुसत्या हिशेबात. पावसाळ्यात लाइनीत खरखर सुरू झाली की त्याच्या निम्मीही येत नसत.

त्यामुळे गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न असायचा, कुठे जायचंय? तासाला चाळीस रुपये मोजणारा माणूस कुठे जायचं ते ठरवूनच यायचा. कुणी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे पत्ता लिहून आणायचं, कुणी तळहातावर. पुष्कळ जण घरी विसरून यायचे आणि परत जायचे. म्हणून मी एक लांबडं रजिस्टर घातलं. डाव्या बाजूला वेबसाइटचा पत्ता, उजव्या बाजूला तिथे काय मिळतं ते दोन शब्दांत: 'बोर्डाचा निकाल', 'आंब्याचा भाव', 'रेल्वे', 'मस्कतची कंपनी, वेल्डरची भरती'. हळूहळू गिऱ्हाइकंच स्वतःहून लिहू लागली. एखादं चांगलं पान सापडलं की उठताना म्हणायची, वहिनी, हे लिहून ठेवा, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. २०११ मध्ये सायबर कॅफेसाठी सरकारी नियम आले, तेव्हा ओळखपत्र पाहून नावं लिहायची वही वेगळी झाली. हे रजिस्टर मात्र गावानं भरलेलं होतं.

पान उघडायचं म्हणजे आधी अक्षरं यायची, मग चित्र वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचं. वेळ वाचावा म्हणून मी ब्राउझरमध्ये चित्रं बंदच ठेवायची. लांबलचक लेख असला की तो संगणकात उतरवून घ्यायचा, लाइन तोडायची आणि मग गिऱ्हाइकाला निवांत वाचू द्यायचं. त्या वेळेचे मी अर्धेच पैसे लावायची. आज तरुण मुलांना हे सांगितलं तर त्यांना आमची कीव येते. पण त्या वाचनात एक गोष्ट होती. पान एकदा आलं की ते हलत नसे. वाचणारा आणि लिहिलेलं, मध्ये कुणी नाही. मी काउंटरवरून माणसांचे चेहरे पाहायची. ओठ हलवत, बोटानं पडद्यावरची ओळ धरून वाचणारे शेतकरी मी पाहिलेत.

मराठी वाचणं मात्र सोपं नव्हतं, आणि याचा माझ्या सूचनेशी थेट संबंध आहे. त्या काळी प्रत्येक मराठी वर्तमानपत्राचा फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा साचा, वेगळा. तो संगणकात नसला की पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. मी सहा-सात फॉन्ट एका फ्लॉपीवर ठेवले होते. पुढे पुढे नुसता तो कचरा बघून कुठला फॉन्ट हवा ते मला ओळखता यायला लागलं, इतकी नजर बसली. खरी अडचण वेगळीच होती. आपल्याला पडद्यावर 'वाशिष्ठी' हे आमच्या नदीचं नाव दिसत असलं तरी संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच होती, त्यामुळे शोधून काही सापडायचं नाही. मराठीत लिहिलेलं इतकं होतं आणि त्यात शोध घ्यायची सोयच नव्हती. ज्याच्याकडे पत्ता, त्यालाच ते पान.

मग युनिकोड आलं, जगातल्या भाषांच्या अक्षरांना संगणकात ज्याचा त्याचा क्रमांक देणारी एकच यादी. म्हणजे त्या यादीत देवनागरीला जागा १९९१ पासूनच होती, पण आमच्या गाळ्यात ते पोचलं विंडोज एक्सपीबरोबर, आणि तेही सीडी घालून, भाषांच्या चौकटीत एक खूण केल्यावर. ज्या दिवशी मी शोधखिडकीत मराठीत 'चिपळूण' लिहिलं आणि खाली मराठी पानांची यादी आली, त्या दिवशी मी यजमानांना घरून बोलावून आणलं. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला होता, 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ तर १९९६ पासून होतंच. पुढच्या काही वर्षांत आमची मुलं मराठीत लिहू लागली. एका मुलानं आपल्या गावच्या शिमग्याचं पान केलं, पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत जाणार त्याच्या वेळापत्रकासकट, आणि खाली किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा. मुंबईचे चाकरमानी ते पान बघून रजा टाकायचे.

ते पान आता नाही. फुकट जागा देणारी एक सेवा होती, ती बंद पडली. जगभर असंच झालं. जिओसिटीज ही अशीच फुकट जागा देणारी मोठी सेवा २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली तेव्हा सामान्य माणसांनी हौसेनं केलेली लाखो पानं तिच्याबरोबर गेली.

कॅफे का बंद झाला ते सांगायला नकोच. २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त डेटा आला आणि प्रत्येकाच्या खिशात कॅफे झाला. त्याचं मला दुःख नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी गाळ्याबाहेर दोनशे मुलं उन्हात उभी राहायची, ती आता घरी आईशेजारी बसून निकाल बघतात. गणपतीची तिकिटं काढायला पहाटे माझं शटर वाजवणारा माणूस आता आपल्या अंथरुणात बसून प्रयत्न करतो. आखातातल्या मुलाचा चेहरा रोज दिसतो. हे सगळं चांगलंच आहे आणि मला ते परत द्यायचं नाही.

पण पत्ता गेला, असं मला वाटतं. आता कुणाला कुठलाच पत्ता माहीत नसतो. शोधखिडकीत दोन शब्द टाकायचे आणि जे वर येईल त्यावर बोट ठेवायचं. आमच्या शेजारच्या काकांना काजू लागवडीच्या अनुदानासाठी सातबारा हवा होता. त्यांनी मोबाइलवर 'सातबारा' लिहिलं. सगळ्यात वर आलं ते सरकारी पान नव्हतं, पैसे देऊन वर लावलेली जाहिरात होती. रंग तसेच, राजमुद्रेसारखं दिसणारं चित्रही होतं. काकांनी साडेतीनशे रुपये भरले आणि त्यांना जो कागद मिळाला तो महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी पोर्टलवर पंधरा रुपयांत मिळतो. कॅफे चालू असताना हेच काका माझ्याकडे आले असते तर मी रजिस्टर उघडून पत्ता दाखवला असता. त्या दिवशी मी तो त्यांच्या दाराआडच्या कॅलेंडरवर लिहून दिला, आणि खाली लिहिलं की शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर पैसे भरायचे नाहीत. दुसरी ओळ लिहिली ती १९३० या क्रमांकाची, ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच फोन करायची.

आता आपल्या संकेतस्थळाबद्दल. मी आपला छापील अंक घेते, पण परशुराम घाटात दरड आली की रस्ता सुरू आहे की नाही ते बघायला मोबाइलवर आपलं पान उघडते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी काय घडलं ते मी मुद्दाम कागदावर टिपून ठेवलं होतं. आधी नोटिफिकेशनसाठी परवानगी मागणारी पाटी. ती नाकारली तर खालून कुकींची, म्हणजे वाचकाची माहिती टिपणाऱ्या फायलींची, दुसरी. मग ॲप उतरवून घ्या म्हणून तिसरी, तिच्यात नकाराची जागाच नाही, 'नंतर' एवढंच. बातमीच्या दोन ओळी दिसतात न दिसतात तोच कोपऱ्यात एक व्हिडिओ आपोआप वाजायला लागला, घाटाशी काही संबंध नसलेला. तो बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यावर बोट टेकवायला गेले तर पान खाली सरकलं आणि बोट जाहिरातीवर पडलं. परत आले तर बातमी नव्हती, 'तुमच्यासाठी खास' अशी यादी होती. त्या यादीत बातम्यांसारख्याच दिसणाऱ्या तीन जाहिराती. रस्ता सुरू आहे का हे मला शेवटी एसटीच्या चौकशी खिडकीवर फोन करून कळलं.

माझा पुतण्या पुण्यात संगणकाचं काम करतो. त्याला मी विचारलं, की ही बातमी अशी किती मोठी असते? त्यानं मला हिशेब करून दाखवला. तीनशे शब्दांची मराठी बातमी म्हणजे अंदाजे दोन हजार अक्षरं. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एकच पुरतो, म्हणजे सगळी बातमी सहा हजार बाइट, सहा केबी. माझ्या जुन्या मॉडेमवरसुद्धा ती एका सेकंदात आली असती. त्या दिवशी पानाबरोबर जे काही उतरलं ते मात्र चार एमबीच्या वर होतं. माझ्या गाळ्यात त्याला साडेनऊ-दहा मिनिटं लागली असती. त्यातलं बहुतेक सामान बातमीचं नव्हतं. मी कोण, कुठून आले, कशावर किती वेळ थांबले, हे टिपून ठेवायला ते आलं होतं.

जाहिराती नकोत असं मी म्हणत नाही. मी सतरा वर्षं धंदा केला आहे, वीजबिल आणि पगार कशातून निघतात ते मला कळतं. आपल्या छापील अंकातही पहिल्या पानावर सराफांची जाहिरात असते आणि मी ती आवडीनं बघते. वेबवरची पहिली पट्टी-जाहिरात १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लागली, ती पानाच्या माथ्यावर गप्प उभी होती. बघायचं तर बघा, नाही तर खाली वाचा. कागदावरची जाहिरात मी बातमी वाचत असताना माझ्या हातातून अंक ओढून घेत नाही. मोबाइलवरची घेते, आणि फरक एवढाच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार मार्गदर्शक सूचनांत नोंदवले आहेत. सतत पिच्छा पुरवणं त्यात आहे, जाहिरातीला बातमीचे कपडे घालणंही आहे. ती यादी नवं संकेतस्थळ बनवणाऱ्यांच्या टेबलावर असावी, अशी माझी विनंती आहे.

आणखी एका माणसाची हकीकत इथेच सांगते. कॅफेत एक अंध विद्यार्थी यायचा. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते त्यानंच मला सांगितलं आणि आम्ही एका संगणकावर ते घातलं. कानाला हेडफोन लावून तो अग्रलेख ऐकायचा. आज तो बँकेत नोकरीला आहे. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, वहिनी, आता बातमी सुरू होईपर्यंत मला नुसतं 'बटन, बटन, लिंक, बटन' एवढंच ऐकू येतं. त्या बटणांना नावंच दिलेली नसतात. कुठलं बंद करायचं आणि कुठलं पैसे मागणारं, ते त्यानं कसं ओळखायचं? सध्याच्या पानांमुळे तो वर्तमानपत्रांच्या साइटवर जायचा थांबलाय.

आता शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

माझे सासरे, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तरुणपणी गोवळकोटहून खाडीनं दाभोळपर्यंत मालाची होडी नेत. कौलं, भात, गवत. २००२ मध्ये आपल्या वार्ताहरानं त्यांच्यावर लेख लिहिला होता, फोटोसह. खाडीच्या वळणांची जुनी नावं, भरती-ओहोटीचा हिशेब, रात्री वाऱ्यावरून किनारा कसा ओळखायचा, असं दादांनी सांगितलेलं सगळं त्यात होतं. दुसऱ्या कुठेही ते लिहिलेलं नाही. कात्रण आम्ही फ्रेम करून ठेवलं होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. घर, गाळा, कपाटं, अल्बम, सगळं चिखलात गेलं. गावातल्या दीडशे वर्षं जुन्या वाचनालयातही पाणी गेलं, त्यामुळे तिथे जुना अंक मिळेल ही आशाही राहिली नाही.

रजिस्टर मात्र पोटमाळ्यावर होतं. ते वाचलं.

त्यात दादांच्या लेखाचा पत्ता मी स्वतः लिहिला होता, उजवीकडे 'दादा' एवढंच. यंदा मे महिन्यात मी तो पत्ता अक्षर न् अक्षर तपासून टाकला. 'आपण शोधत असलेले पान सापडले नाही.' मग रजिस्टरच्या त्याच पानावरचे बाकीचे पत्तेही टाकून बघितले. बावीसपैकी पाच उघडले. बाकीचे काही बंद, काहींवर जुगाराच्या जाहिराती, काही सरळ पहिल्या पानावर नेऊन सोडतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावून ठेवलं होतं, की पत्ता आपोआप बदलत नाही, माणसं तो बदलतात. आपलं संकेतस्थळ या वीस वर्षांत तीन-चार वेळा नव्यानं बांधलं गेलं आणि दर वेळी जुनी पानं मागे राहिली, असं आपल्या कार्यालयात फोन केल्यावर मला सांगण्यात आलं. पुतण्या म्हणतो, जुना पत्ता टाकला की नव्या जागी नेऊन सोडायची व्यवस्था करता येते, त्यात अवघड काही नाही, फक्त बांधतानाच ते कुणाच्या तरी ध्यानात असावं लागतं.

लेख शेवटी सापडला. अमेरिकेत 'इंटरनेट अर्काइव्ह' नावाची संस्था आहे. १९९६ पासून ती जगभरच्या वेबपानांच्या प्रती जपते आणि २००१ पासून त्या 'वेबॅक मशीन'वर कुणालाही फुकट बघता येतात. पुतण्यानं तिथे रजिस्टरातला पत्ता टाकला. पान उघडलं, तर नुसता कचरा. तो निराश झाला. मी मात्र चष्मा लावून दोन ओळी बघितल्या आणि त्याला फॉन्टचं नाव सांगितलं. त्यानं तो शोधून अक्षरं युनिकोडमध्ये बदलली. हळूहळू एकेक ओळ मराठी होत गेली आणि तिसऱ्या परिच्छेदात दादा बोलायला लागले. यजमान मागे उभे होते. ते खाली बसले.

फोटो आला नाही. त्याच्या जागी रिकामी चौकट आहे आणि खाली ओळ आहे, 'गोवळकोट धक्क्यावर'.

पत्ता रजिस्टरात नसता तर त्या संस्थेलासुद्धा आम्ही काय विचारणार होतो? आणि आपल्या वर्तमानपत्राचा लेख वाचायला आपल्या वाचकाला सॅन फ्रान्सिस्कोच्या संस्थेकडे जावं लागावं, हे मला बरं वाटत नाही. २००२ च्या आसपासची आपली सगळी पानं त्या जुन्या फॉन्टमध्ये असणार. ती शोधात येत नाहीत, पत्तेही तुटले आहेत. ती युनिकोडमध्ये आणायचं काम आता झालं नाही तर तो फॉन्ट नजरेनं ओळखणारी आमच्यासारखी माणसंही राहणार नाहीत. या कामाला मदत लागत असेल तर मी फुकट करीन. माझी नजर अजून शाबूत आहे.

दादांच्या लेखाची अशी सापडलेली, छापून घेतलेली प्रत सोबत जोडली आहे, माथ्यावर जुना पत्ता शाईनं लिहिला आहे. त्यांचा एकही फोटो आता आमच्याकडे नाही. आपल्या जुन्या संगणकांत, एखाद्या सीडीवर तो असेल तर कृपया शोधून पाहावा. आणि नवं संकेतस्थळ सुरू होईल तेव्हा तो लेख फोटोसकट याच पत्त्यावर लावावा. मी रोज सकाळी उघडून बघत जाईन.

कळावे,
आपली नियमित वाचक,
कॅफेवाल्या वहिनी
बाजारपेठ, चिपळूण